शिडी धरणारा मुलगा शिकणार कधी?

माझ्या मावशीचा मुलगा हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात राहतो. दहावी होऊन त्याला दोन वर्षे झाली. मी ईदला पुण्याहून गावी गेलो तेव्हा त्याने विचारले, "भाई, सीसीटीव्ही आणि अलार्म बसवायचं काम नीट शिकायचंय. कुठं शिकवतात?" मी इंजिनिअर, सॉफ्टवेअर कंपनीत दहा वर्षे नोकरी केलेला. पण या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

तसा तो हे काम आठ महिने करत होता. जवळच्या शहरातल्या एका दुकानदाराकडे तो जायचा. शिडी धरणे, भिंतीला ड्रिल मारणे, केबल ओढणे, पट्टीत वायर दाबणे ही कामे त्याची. डीव्हीआर सुरू करून सेटिंग करायची वेळ आली की मालक म्हणायचा, "जा, चहा घेऊन ये." आठ महिन्यांत त्याला अलार्मचे पॅनेल एकदाही उघडू दिले नाही. रोज मिळेल ती मजुरी, हातात कागद कसलाच नाही. एकदा शिडीवरून पडून मनगट दुखावले, तो खर्च मावशीने केला. दुकानाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. दोष एकट्या मालकाचा नाही. तोही असाच चहा आणत शिकला असणार.

आपल्या समाजात ही पद्धत नवी नाही. गॅरेज, वेल्डिंग, फर्निचर, वायरिंग, सगळीकडे उस्ताद आणि शागीर्द. या पद्धतीने हजारो घरे चालवली, हे मी नाकारत नाही. पण उस्तादाची मर्जी असेल तर हुनर मिळतो, नसेल तर पोरगा दहा वर्षे 'छोटू'च राहतो. मुस्लिम कामगारांचा मोठा वाटा स्वयंरोजगार आणि असंघटित कामात आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्येच सांगितले. हात कुशल असतात, कागद नसतो. कागद नसला की बँकेचे कर्ज नाही, सरकारी कामाचा ठेका नाही आणि मोठ्या कंपनीचे दारही उघडत नाही.

आता कामाची गरज पाहा. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी खटल्यात देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचा आदेश दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर महाराष्ट्र सरकारने शाळांना कॅमेरे बंधनकारक केले. हळदीची गोदामे, कृषी सेवा केंद्रे, सराफ, पतसंस्था, पेट्रोल पंप यांनाही कॅमेरा आणि अलार्म हवाच असतो. शिवाय ही वस्तू एकदा बसवली की संपत नाही. बॅटरी उतरते, हार्ड डिस्क भरते, उंदीर केबल कुरतडतो, आणि नेमकी चोरी होते त्या रात्री कॅमेरा बंद असल्याचे कळते. म्हणजे बसवणाऱ्याइतकाच दुरुस्तीला येणारा माणूस लागतो, आणि तो जवळचा असला तरच परवडतो.

दुसरीकडे, याच गोरेगाव परिसरातल्या काही शेतकऱ्यांनी २०२३ च्या अखेरीस कर्ज फेडण्यासाठी आपले अवयव विकायला काढल्याची बातमी राज्यभर गाजली होती. शेतीच्या भरवशावर पुढची पिढी उभी राहणार नाही, हे इथल्या घराघरात माहीत आहे. मग तालुक्यात रोज लागणारे काम तालुक्यातल्या मुलांना शिकायला का मिळू नये?

कायदा काय म्हणतो, ते मी गावाहून परतल्यावर वाचून काढले. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. त्यानुसार मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो, दरमहा विद्यावेतन मिळते आणि शेवटी प्रमाणपत्राची सोय असते. काम शिकताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. २०१९ च्या नियमांप्रमाणे दहावी पास उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना ६,००० रुपये ठरले. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलते. सीसीटीव्ही बसवणाऱ्या तंत्रज्ञासाठी इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने अभ्यासक्रमही ठरवला आहे.

मग अडते कुठे? तीस किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणे सक्तीचे आहे. चार ते एकोणतीस माणसे असतील तर ऐच्छिक आहे. आणि चारपेक्षा कमी असतील तर ती आस्थापना या योजनेत बसतच नाही. सेनगाव, कळमनुरी, हिंगोलीसारख्या ठिकाणी हे काम करणारे दुकान म्हणजे एक मालक आणि दोन पोरे. जिथे काम प्रत्यक्ष शिकता येते, तिथेच कायदा पोचत नाही. कायदा शहरातल्या कंपनीचा विचार करून लिहिला आहे. गावातल्या मुलाने खोलीभाडे भरून पुण्यात किंवा संभाजीनगरात ६,००० रुपयांत राहायचे, हे गणित कोणत्या आईला जमेल?

तोपर्यंत मुलांनी काय करायचे? मावसभावाला मी जे सांगितले तेच इथे सांगतो. पहिले, बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत सीसीटीव्ही कॅमेरा, सिक्युरिटी अलार्म आणि स्मोक डिटेक्टर बसवणे व दुरुस्ती असा तेरा दिवसांचा अभ्यासक्रम आहे. प्रशिक्षण मोफत, राहणे-जेवणही मोफत, वयाची अट १८ पूर्ण. आपल्या जिल्ह्याच्या संस्थेत पुढची तुकडी कधी आहे ते जाऊन विचारावे, आणि नसेल तर दहा-पंधरा मुलांनी मिळून अर्ज करून मागावी. दुसरे, जमत असेल तर आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड करावा. तेरा दिवसांत हत्यार ओळखीचे होते, हात बसत नाही. तिसरे, दुकानात राहायचेच असेल तर पहिल्या दिवशी साध्या कागदावर लिहून घ्यावे: कोणत्या महिन्यात काय शिकवणार, पैसे किती, अपघात झाला तर कोण बघणार.

शिकायचे काय, हेही स्पष्ट असावे. दाराचा मॅग्नेटिक सेन्सर, हालचाल टिपणारा सेन्सर, पॅनेल, सायरन आणि बॅटरी बॅकअप हा पाया झाला. पण आता हे काम अर्धे नेटवर्किंगचे आहे, आणि इथे मी माझ्या धंद्याच्या अनुभवाने बोलतो. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरचे लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, कारण त्यांचे कारखान्यातले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते. २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातले महिलांचे चित्रीकरण फुटून इंटरनेटवर विकले गेले. पासवर्ड बदलणे आणि कॅमेरा कुठे लावू नये हे समजणे हाही या हुनराचाच भाग आहे. चहाला पाठवून दिलेल्या मुलाला तो कधीच कळणार नाही.

एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. हे काम विश्वासाचे आहे. आपण लोकांच्या घरात शिरतो, त्यांची तिजोरी कुठे आहे ते बघतो. मावसभावाला एका गिऱ्हाईकाने नाव विचारले आणि नाव ऐकून बाहेर थांबायला सांगितले. कागदाने पूर्वग्रह जात नाही, हे मला माहीत आहे. पण प्रमाणपत्र आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला खिशात असेल, तर बाहेर थांबवणाऱ्याला निदान आपल्या कारणाचा विचार करावा लागतो. आणि या धंद्यात मुलीही आल्या पाहिजेत. दिवसा घरात बाई एकटी असते, वसतिगृहे असतात. तिथे बाईमाणूस तंत्रज्ञ असेल तर बरेच, पण आजवर कोणी आपल्या मुलींना हे सुचवले आहे का?

सरकारकडे मागणी एकच आहे. छोट्या दुकानांना एकत्र नोंदणी करू द्या. चार-पाच दुकाने मिळून एक आस्थापना माना, तालुक्याच्या आयटीआयकडे देखरेख द्या, विद्यावेतनाचा वाटा वाढवा.

पण सगळे सरकारवर ढकलू नये. मशीद कमिटी, शाळेचे संस्थाचालक, व्यापारी संघटना, ग्रामपंचायत कॅमेऱ्यांचे कोटेशन मागवतात तेव्हा फक्त दर पाहतात. त्यात एक अट घाला: हे काम गावातल्या एका मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन, पूर्ण शिकवून करायचे आणि शेवटी तसे लिहून द्यायचे. पैसे देणारे आपण आहोत, तेव्हा ही अट घालण्याचा अधिकारही आपलाच आहे. त्याला ना नवा कायदा लागतो, ना मंत्रालयात खेटे.

मावसभावाने प्रशिक्षणाचा अर्ज भरला आहे. तुकडी अजून सुरू झालेली नाही. परवा फोनवर म्हणाला, "भाई, शिडी धरायला मला लाज नाही. पण वर चढू द्यायला पाहिजे ना?"