किनारा धरून चालणारी लाट

रत्नागिरीच्या समुद्राची पातळी बंगालच्या उपसागरातून आलेल्या लाटेमुळेही हलते, असे सांगितले की माझे मित्र हसतात. पण ते खरे आहे. ही खडकावर फुटणारी लाट नव्हे. तिची उंची जेमतेम वीतभर, लांबी मात्र शेकडो किलोमीटर. होडीतल्या नाखव्याला तिचा पत्ता लागणे अशक्य.

१८७९ साली लॉर्ड केल्विन यांनी तिचे गणित मांडले, म्हणून ती केल्विन लाट. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात ती किनारा उजव्या हाताला ठेवूनच चालते. म्यानमार, बांगलादेश, आंध्र, तामिळनाडू, मग श्रीलंकेला वळसा घालून केरळ, गोवा, कोकण. दिवसाला साधारण दोनशे किलोमीटर!

हे डोळ्यांनी न दिसणारे प्रकरण दिसू लागले ते उपग्रहामुळे. १९९२ साली अमेरिका आणि फ्रान्स यांनी सोडलेला 'टोपेक्स-पोसायडन' १,३३६ किलोमीटरवरून रडारचा ठोका पाण्यावर टाकी आणि तो परत यायला लागलेल्या वेळेवरून पाण्याची उंची काही सेंटिमीटरच्या अचूकतेने काढी. दर दहा दिवसांनी तीच वाट. नकाशे एकापुढे एक ठेवले की फुगवटा किनाऱ्याने सरकताना दिसतो.

वीतभर पाण्याचे एवढे कौतुक कशाला? कारण वर वीतभर हालचाल झाली तर खाली उबदार थराची तळकड कित्येक मीटर हलते. फुगवटा आला की ती खाली दबते. खोलगट भाग आला की खालचे थंड, खतावलेले, पण प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकते. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत असे पाणी वर येते, त्यात स्थानिक वाऱ्यांबरोबर दुरून आलेल्या या लाटांचाही हात असतो. मासळी कुठे राहील, हे अशा पाण्यावरही ठरते.

दुर्दैव असे की, जिथे आपले कोळी जाळी टाकतात, त्या शेवटच्या दहा-वीस किलोमीटरच्या पट्ट्यातच जुन्या उपग्रहांची नजर अधू. जमिनीचा प्रतिध्वनी पाण्याच्या प्रतिध्वनीत मिसळतो. २०१३ चा भारत-फ्रान्सचा 'सरल' किनाऱ्याच्या बराच जवळ पोचला. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला 'स्वॉट' एका रेषेऐवजी सुमारे १२० किलोमीटरचा पट्टाच मोजतो. पण तोच मार्ग पुन्हा धरायला त्याला २१ दिवस लागतात. तेवढ्यात लाट चार हजार किलोमीटर गेलेली असते.

म्हणून बंदरांतल्या साध्या भरतीमापकांवर पैसा कमी पडू देऊ नये, असे माझे मत आहे. ते तासातासाला मोजतात, आणि उपग्रहाचे आकडे पडताळायलाही तेच लागतात. मुंबईच्या अपोलो बंदरावरील नोंदी तर १८७८ पासूनच्या आहेत. केल्विन यांच्या गणिताहून एक वर्ष जुन्या.