ख्रिस्त वगळून ख्रिस्तपुराण

मराठीच्या कोणत्याही पदवीधराला फादर थॉमस स्टीफन्स कोण, असे विचारावे. उत्तर ठरलेले असते : मराठी भाषेची थोरवी गाणारा परदेशी कवी. रत्ने, फुले, पक्षी आणि ग्रहतारे यांच्या उपमा रचून सर्व भाषांत मराठी कशी उजवी, हे सांगणाऱ्या त्याच्या चार-सहा ओव्या तोंडपाठ असतात. दर २७ फेब्रुवारीला महाविद्यालयांच्या फलकांवर त्या रंगीत खडूंनी लिहिल्या जातात. मग दुसरा प्रश्न विचारावा : ज्या ग्रंथात या ओव्या आहेत, त्यात सांगितले काय आहे? इथे बहुधा शांतता पसरते. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातून मराठीच्या अभ्यासक्रमांनी स्वतःची स्तुती तेवढी कापून घेतली आणि उरलेला ग्रंथ गुंडाळून माळ्यावर टाकला.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : मराठीच्या अध्यापनाने ख्रिस्ती लेखकांना नाकारलेले नाही. नाकारले असते, तर निदान भांडता आले असते. त्याने त्यांना सन्मानाने आत घेतले, इतिहासग्रंथांत प्रकरणे दिली, आणि आत घेताना उंबऱ्यावर त्यांच्या ख्रिस्ताला पायताणांसारखे बाहेर काढून ठेवायला लावले. हे सौजन्य फार महागात पडलेले आहे. ख्रिस्ती समाजाला तर पडलेच, पण त्याहून अधिक मराठीच्या वाचनशक्तीला.

उदाहरणे पाहू. नारायण वामन टिळक हे 'फुलांमुलांचे कवी'. हे बिरुद इतके घट्ट चिकटले आहे, की 'अभंगांजली' लिहिणारा, तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे सांगणारा, १९१७ मध्ये मिशनची चाकोरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा करू पाहणारा टिळक विद्यार्थ्याला ठाऊकच नसतो. त्यांनी आरंभलेले आणि लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेले 'ख्रिस्तायन' एका वाक्याच्या उल्लेखापुरते उरते. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) ही विधवांच्या दुःखाची कादंबरी म्हणून शिकवली जाते आणि 'पहिली कादंबरी कोणती' या वादात पुरावा म्हणून हजर केली जाते; यमुनेची श्रद्धा मात्र कथानकावर मिशनऱ्यांनी लावलेले ठिगळ समजून ओलांडली जाते. पंडिता रमाबाई समाजसुधारक. त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून अख्ख्या बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. पण एका मराठी स्त्रीने एकटीने केलेल्या या प्रचंड वाङ्मयीन उद्योगाला मराठी भाषांतराच्या इतिहासात जी जागा हवी, ती मिळालेली नाही.

'स्मृतिचित्रे'चे काय होते, ते तर पाहण्यासारखे आहे. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत आलेले हे आत्मचरित्र मराठीचे लाडके पुस्तक आहे. त्यातला विनोद, भाबडेपणा, टिळकांचा विक्षिप्तपणा आणि सोवळ्याओवळ्याची ओढाताण यांवर प्रश्न येतात, उत्तरे येतात. परंतु १८९५ मध्ये नवऱ्याने धर्म बदलला म्हणून आकांत करणारी ही बाई पाच वर्षांनी स्वतः बाप्तिस्मा घेते, तेव्हा तिच्या मनात काय घडले? जात माणसाने केली की देवाने, या एका प्रश्नाशी झगडत ती आपले जन्माचे सोवळे सोडते, तो तिच्या आत्मिक चरित्राचा कणा आहे. वर्गात त्याचे 'पतिनिष्ठा' किंवा 'काळाशी जुळवून घेणे' होऊन जाते. एका बुद्धिमान बाईचा धर्मशोध आपण तिच्या गोड स्वभावात विरघळवून टाकतो. हा तिचा गौरव कसा म्हणायचा?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : 'हे धर्मप्रसाराचे साहित्य, त्यातले साहित्य घ्यावे, प्रसार सोडावा.' वरवर हा समंजस वाटतो. पण हाच निकष आपण 'लीळाचरित्रा'ला लावतो काय? एका पंथाने आपल्या अवतारी पुरुषाच्या आठवणी श्रद्धेने जपण्यासाठी तो ग्रंथ रचला. तो शिकवताना जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे महानुभावांचे चार पदार्थ फळ्यावर लिहिले जातात. विद्यार्थी ते परीक्षेत बिनचूक उतरवतात आणि त्यापायी कोणी महानुभाव होत नाही. 'ज्ञानेश्वरी' शिकवताना अद्वैत टाळून केवळ उपमांची यादी करणाऱ्या प्राध्यापकाला आपण हसू. 'दासबोध' उपदेशासाठीच लिहिलेला आहे, हे कुणी लपवत नाही. मग अवतार, पाप, क्षमा, क्रूसावरचे मरण आणि पुनरुत्थान या कल्पना समजावून न घेता 'ख्रिस्तपुराणा'ची ओवी कळेल, हे आपण कोणत्या काव्यशास्त्राच्या आधारे मानतो? धर्मविचार हा काव्यावर चढवलेला मुलामा असतो आणि तो खरवडला की खाली शुद्ध साहित्य लागते, ही समजूतच मुळात कच्ची आहे. श्रद्धेच्या ग्रंथात रूपक, क्रम, शब्द, विराम, सगळे त्या श्रद्धेने ठरवलेले असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'ख्रिस्तपुराण' कोणत्या भूमीवर उभे राहिले? १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आले. १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली. त्यानंतर बाराच वर्षांनी, १५७९ मध्ये, स्टीफन्स गोव्यात उतरला आणि पुढची बरीचशी हयात त्याने त्याच साष्टीत काढली. ग्रंथ १६१६ साली तिथल्याच रायतूरला छापला गेला. मग हे जुलमाच्या सावलीतले काव्य आम्ही भक्तिभावाने वाचावे काय?

भक्तिभावाने वाचा, असे आम्ही म्हणतच नाही. पुरते वाचा, असे म्हणतो. ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एक जण पाद्र्याला विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी तसे काही आम्हाला का देत नाही? पुढच्या अकरा हजार ओव्या हे या प्रश्नाचे उत्तर आहे. त्या प्रश्नात सारा इतिहास साठलेला आहे : हिरावून घेतल्याची वेदना, रिकाम्या झालेल्या संध्याकाळी, कानाला लागलेली ओवीची भूक. उत्तर देणारा माणूस सत्तेच्या बाजूचा आहे, हेही खरे. आणि ज्यांची पुराणे गेली त्यांच्याच पुराणाचा घाट, त्यांचेच 'वैकुंठ' आणि त्यांचाच 'मोक्ष' उचलल्याशिवाय त्याला आपला ख्रिस्त सांगता येत नाही, हेही तितकेच खरे. जेत्याला जिताच्या भाषेपुढे वाकावे लागले, त्याचा हा मराठीतला ठळक पुरावा आहे. भाषास्तुतीच्या ओव्या फलकावर लिहिणारी पद्धत यातले काय दाखवते? ती जुलूमही झाकते आणि ग्रंथही. तिला फक्त प्रशस्तिपत्र हवे असते, तेही गोऱ्या माणसाच्या सहीचे.

याच वाकण्याचे विसाव्या शतकातले रूप पाहायचे, तर शब्दांकडून रेषेकडे जावे लागते. गोव्याच्या सांत एस्तेव्ह गावी १९०२ मध्ये जन्मलेले आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांच्या परंपरेत घडले. त्यांनी मरियेला साडी नेसवली, तिला आपल्याकडच्या बायकांचा वर्ण आणि बसण्याची ढब दिली. गोव्यातल्या तेव्हाच्या प्रतिष्ठित ख्रिस्ती मंडळींना हे रुचले नाही. फोन्सेका पुण्याला आले आणि ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत चित्रे काढत राहिले. इथे विरोध करणारे ख्रिस्तीच होते, हे लक्षात घ्यावे. पवित्र म्हणजे परके, अशी त्यांची खात्री होती. आणि आज मराठीचा जो अभ्यासक ख्रिस्ती श्रद्धेला 'बाहेरची' म्हणून बाजूला सारतो, त्याचीही नेमकी हीच खात्री आहे. देऊळवाडीतला आणि चर्चमधला असे दोघे कर्मठ एकाच कारणासाठी फोन्सेकांच्या मरियेकडे पाठ फिरवतात.

कोल्हापूर स्वतःला कलानगरी म्हणवते. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांची नावे इथे कुणालाही सांगावी लागत नाहीत. पण मूळचे कोल्हापूरचे, शांतिनिकेतनात नंदलाल बसूंच्या सहवासात घडलेले आणि तिथल्याच कलाभवनात शिकवणारे विनायक मासोजी हे ख्रिस्ती चित्रकार या शहराच्या बोलण्यात किती वेळा येतात? रॉयल गोल्ड वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आला. म्हणजे ख्रिस्ती उपासना या गावात मराठीतून चालू होऊन पावणेदोनशे वर्षे होत आली. एवढ्या काळात रोजच्या मराठीशी या श्रद्धेचे काय नाते जुळले, हा प्रश्न मराठीच्या विभागांनी नाही विचारायचा, तर कुणी?

त्या नात्याचा एकच नमुना देतो. येशूजन्माच्या कथेत आई बाळाला कशात गुंडाळते आणि कुठे ठेवते? मराठी बायबलमध्ये शब्द आहेत 'बाळंते' आणि 'गव्हाणी'. पहिला शब्द पुरुषांच्या ग्रंथांत सहसा न येणारा, बाळंतिणीच्या खोलीतला. दुसरा गोठ्यातला. करवीर, कागल, शिरोळकडच्या आमच्या विद्यार्थ्यांना गव्हाण समजावून सांगावी लागत नाही. सकाळी उठून त्यांनी तिच्यात वैरण टाकलेली असते. शिवाय दर हंगामाला वर्तमानपत्रात ते वाचतात, की अमुक साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी टाकून गळीत हंगामाचा शुभारंभ झाला. म्हशीची गव्हाण, उसाची गव्हाण आणि देवाच्या पुत्राची गव्हाण हा एकच शब्द आहे. जगाचा त्राता गुरांच्या खाण्याच्या जागी निजवला, हे त्या कथेतले मर्म मराठीत तत्त्वज्ञानाच्या परिभाषेतून कळत नाही, शेणाच्या वासातून कळते. भाषांतरकारांनी हे साधले तेव्हा त्यांनी मराठीत काही तरी घडवले. ते काय, हे सांगणे समीक्षेचे काम आहे. आणि जी समीक्षा 'हा धर्मग्रंथ, आमच्या विषयाबाहेरचा' म्हणून दाराशीच थांबते, तिला हे काम कधीच करता येणार नाही.

ही वजाबाकी अलीकडेही झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, संमेलन भरले. निवडीला विरोध झाला. पाद्री मराठीचा प्रतिनिधी कसा, असे विचारले गेले. विरोधकांविषयी आमचे मत काय असेल, ते वेगळे सांगायला नको. पण स्टाफरूममधून आणि चर्चांतून ऐकलेला बचाव आम्हाला त्याहून अधिक अस्वस्थ करतो. 'अहो, ते पर्यावरणवादी आहेत. वसईच्या हिरवाईसाठी लढले. संतसाहित्यावर त्यांचे प्रेम आहे.' सगळे खरे. पण ज्या माणसाचे मुख्य वाङ्मयीन कार्य 'सुबोध बायबल' हे आहे, त्याचे समर्थन करताना बायबलाचा उल्लेख शेवटी, खालच्या आवाजात का करावा लागला? विरोधक म्हणत होते, की तुम्ही ख्रिस्ती म्हणून अपात्र. समर्थक म्हणत होते, की ख्रिस्ती असूनही पात्र. मराठीत बायबल आणले म्हणूनच पात्र, हे वाक्य फारसे कुणाच्या तोंडून आले नाही. २५ जुलै २०२४ रोजी दिब्रिटो गेले. त्यांच्यावरच्या लेखांतही हिरवी वसई पुष्कळ होती. त्यांच्या भाषांतराची ओळ धरून केलेली चिकित्सा आमच्या वाचनात आली नाही.

वर्गात आज भीती आहे, हे आम्ही जाणतो. बायबलातला उतारा शिकवला तर कुणी तरी मोबाइलवर चित्रण करील, संस्थाचालकांकडे तक्रार जाईल, ही भीती काल्पनिक नाही. पण भीतीला 'साहित्यनिष्ठा' असे नाव देणे थांबवावे. नाइलाज असेल, तर नाइलाज म्हणावे. त्याचा सिद्धान्त करू नये.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. स्टीफन्सच्या भाषास्तुतीऐवजी, किंवा तिच्यासोबत, 'दुसऱ्या पुराणा'तले येशूच्या दुःखभोगाचे प्रकरण सलग लावा, आणि त्याच तासाला १५६७ सांगा. बालकवितेबरोबर 'अभंगांजली'तले दहा अभंग लावा आणि तुकारामांशेजारी ठेवून वाचा. लूककृत शुभवर्तमानातली जन्मकथा रमाबाईंच्या आणि दिब्रिटोंच्या भाषांतरांत एकत्र वाचायला द्या; कोणी कुठला शब्द का निवडला, यावर विद्यार्थ्यांना भांडू द्या. फोन्सेकांची मरिया पडद्यावर दाखवा. विश्वास ठेवा, असे विद्यार्थ्याला सांगू नका. विश्वास ठेवणारा माणूस मराठीत कसा विचार करतो, एवढे त्याला कळू द्या.

आणि त्या वर्गात मागच्या बाकावर एखादी ख्रिस्ती मुलगी असेल. दर रविवारी ती मराठीतून प्रार्थना करते, आणि तीन वर्षांच्या मराठीच्या अभ्यासक्रमात तिच्या त्या मराठीचा एकही तास होत नाही. तो एक तास होऊ द्यावा.