आधी हाताने फिरवून बघ



गेल्या महिन्यात दोन-तीन घरांतून एकच विचारणा झाली, "कारेलीबागेतल्या तुमच्या पोर्चमध्ये उघडून ठेवलेली ती गाडी चालू झाली का?" झाली. पण कशी झाली ते सांगायचं तर माझी एक चूकही सांगावी लागेल.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. तुम्हा तरुण मंडळींनी ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणूनच पाहिली असेल. तीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. मुळात ही इटलीची फियाट ११००. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होऊ लागली.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. आपल्यातले बरेच जण तिथे भेटले होते. परत येताना अण्णा एवढंच म्हणाले, "आपलंही इंजिन उघडायला हवं. माझे हात चालतायत तोवर."

अण्णा आता ऐंशीचे. डोळ्यांना बारीक दिसत नाही. त्यामुळे पाने माझ्या हातात, वही माझ्या लेकीच्या हातात आणि अण्णा खुर्चीवर, अशी आमची टीम ठरली. लेक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

चार सिलिंडर, १०८९ सीसीचं साधं इंजिन. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. सिलिंडर झिजले होते, म्हणून ब्लॉक बोअरिंगला दिला आणि ६८ मिलिमीटरच्या जागी अर्ध्या मिलिमीटरने मोठे पिस्टन आणले. खरं काम त्यानंतर सुरू झालं. नवा भाग आणला आणि बसवला, असं इंजिनात होत नाही. पिस्टनची प्रत्येक रिंग आधी नुसती सिलिंडरमध्ये ठेवायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजायची. एवढ्या बोअरला साधारण पाव मिलिमीटर फट लागते. इंजिन तापलं की रिंग फुगते. फट कमी असेल तर टोकं एकमेकांना भिडतात आणि सिलिंडरला ओरखडे पाडतात. आमच्या दोन रिंगा घट्ट निघाल्या. लेकीने बारीक कानशीने घासून त्या मापात आणल्या. वहीत लिहिलं, पुन्हा मोजलं.

अण्णांचा नियम एकच: "एक भाग बसव, हाताने फिरवून बघ, मग पुढचा." क्रँकशाफ्ट बसवला, फिरवला. पहिला पिस्टन बसवला, फिरवला. चौथा बसवला, फिरवला. सगळं तेलावर अलगद फिरत होतं. मग दुसरा बसवला, कनेक्टिंग रॉडची कॅप टॉर्क पान्याने आवळली आणि लेक म्हणाली, "बाबा, जड जातंय."

मी म्हटलं, "नवं बेअरिंग आहे. चार दिवस चाललं की मोकळं होईल."

रात्रीचे दहा वाजले होते. खरं सांगतो, मला हात धुऊन जेवायचं होतं.

"तिन्ही बेअरिंग नवीच आहेत ना?" अण्णा खुर्चीतून म्हणाले. "मग हेच का जड? खोल."

खोललं. अण्णांनी कॅप हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला आणि माझ्यापुढे धरली. "ही तिसऱ्याची आहे."

१९९१ मध्ये हेच इंजिन त्यांनी एकदा उघडलं होतं. तेव्हा प्रत्येक रॉडवर आणि त्याच्या कॅपवर पंचने टिंबं मारून ठेवली होती. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. मी मात्र भरवसा ठेवला पिशव्यांवर मार्करने लिहिलेल्या आकड्यांवर. रॉकेलच्या हातांनी ते आकडे पुसट झाले होते आणि दोनचा तीन वाचला गेला. टिंबं माझ्या डोळ्यांसमोर होती. मी बघितलीच नाहीत.

दिसायला चारही कॅप सारख्या. पण रॉड आणि त्याची कॅप जोडीने आवळून त्यांचं भोक एकत्र कापलेलं असतं. जोडी बदलली की भोक नेमकं गोल राहत नाही. तसंच बंद करून चालवलं असतं तर बेअरिंग तापून धरलं असतं, कदाचित क्रँकसुद्धा गेला असता. योग्य कॅप लावली आणि लेकीने एका हाताने क्रँक फिरवला.

अण्णा शिकले कलाभवनात. ते आता विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी झालंय, पण आपल्या घरांत अजून कलाभवनच म्हणतात. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी ते काढलं ते हातातल्या विद्येसाठी. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. अण्णांच्या तोंडून कलाभवनाच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि थोडा कंटाळतही आलोय. त्या रात्री त्यांचा अंगठा त्या कडेवरून फिरताना पाहिला आणि पुढे तोंड उघडलं नाही.

उरलेलं काम तीन रविवार चाललं. टायमिंग चेनच्या खुणा जुळवल्या. हेडचे नट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळले. एकदम आवळले तर हेड वाकतं. प्रत्येक टप्प्यावर लेक क्रँक फिरवायची आणि अण्णांकडे बघायची. माझ्याकडे नाही!

तिसऱ्या प्रयत्नात इंजिन लागलं. अण्णांनी बॉनेटवर तळवा ठेवला आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मग चालकाच्या सीटकडे न जाता दुसऱ्या बाजूने आत बसले. "तू चालव," लेकीला म्हणाले. स्टिअरिंगखालचा गिअर तिला शिकवत शिकवत आम्ही कमाटीबागेला एक चक्कर मारून आलो. पहिले पाचशे किलोमीटर हळूच चालवायची आहे, रिंगा अजून बसायच्या आहेत.

घरी आल्यावर अण्णांनी वही मागितली. कॅपची गोष्ट लिहिलीय का, ते लेकीकडून वाचून घेतलं. लिहिली होती, माझ्या नावासकट.

तुमच्या घरात अशी एखादी बंद पडलेली वस्तू असेल, शिलाई मशीन, रेडिओ, स्कूटर, आणि ती उघडून बघणारं माणूस अजून घरात असेल, तर येत्या सुट्टीत त्यांच्या शेजारी बसून ती उघडा. पिशव्यांवर पेन्सिलीने लिहा. मार्कर रॉकेलने पुसला जातो.

भेटू पुढच्या महिन्यात.