चकोर, बारा बोअर आणि सराव

चकोराशी आपली ओळख होते ती वर्गात. चांदणे पिऊन जगणारा पक्षी, असा तो कविसंकेत. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण हळुवारपणे वेचणारी चकोराची पिल्ले येतात आणि श्रोत्याने कथा कशी ऐकावी हे ज्ञानदेव त्या उपमेतून सुचवतात. शिक्षक फळ्यावर ‘कविसंकेत’ हा शब्द लिहितात, विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात आणि पक्षी तिथेच संपतो. महाराष्ट्राच्या रानात तो आढळत नाही. लडाख, काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड अशा उंच, कोरड्या प्रदेशाचा तो रहिवासी. त्यामुळे संकेत आणि पक्षी यांची गाठ घालून पाहण्याची वेळ आपल्यावर सहसा येत नाही.

अमेरिकेत मात्र नेवाडा, आयडाहो, ओरेगन या राज्यांच्या रखरखीत डोंगरांवर दर शरदात माणसे याच पक्ष्यामागे दमछाक होईतो चढत असतात. ते त्याला ‘चकर’ म्हणतात. आपल्या चकोराचेच ते झिजलेले रूप. १८९३ साली तत्कालीन हिंदुस्थानातून काही जोड्या तिकडे नेण्यात आल्या आणि १९३० नंतरच्या दशकांत पश्चिमेकडील राज्यांनी शिकारीसाठी हे पक्षी मोठ्या संख्येने रानात सोडले. युरेशियातून तिकडे पोहोचलेले ‘चीटग्रास’ नावाचे तण त्या डोंगरांवर पसरलेले होते. ते चकोराचे मुख्य खाद्य झाले. चांदण्यावर नव्हे, या गवतावर तो तिथे तगला.

त्या डोंगरांच्या पायथ्याशी राहणारा एखादा माणूस शिकारीचा हंगाम जवळ आला की बंदुकीच्या दुकानात जाऊन नवी बंदूक निवडू लागतो, तेव्हा तो नेमका काय विचार करतो? हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी विचारात घ्यावा, असे आम्हांस वाटते. आम्ही शिकारी नाही आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचा प्रश्न निकालात काढला, याचा आम्हांस आनंदच आहे. तरीही या निवडीत एक शहाणपण आहे, आणि ते आपल्या अध्यापनात दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालले आहे.

प्रथम पक्षी. चकोर वजनाने साधारण अर्धा किलो किंवा थोडा अधिक. चाहूल लागली की तो आधी पळतो, आणि पळतो तो डोंगर चढून. शिकारी धापा टाकत वर पोहोचेतो थवा एकदम उठतो आणि उताराच्या दिशेने खाली झेपावतो. पहिल्या दिवशी चकोराची शिकार मौजेसाठी करावी आणि पुढे सूड घेण्यासाठी, अशी तिकडच्या शिकाऱ्यांत एक म्हणच आहे. दिवसभरात कित्येक किलोमीटर चालावे आणि चढावे लागते, बंदूक सारा वेळ हातात असते, आणि ती उडवण्याचा क्षण मात्र चार-दोन वेळाच येतो. तेव्हा पहिला निकष ठरतो तो वजनाचा. तीन किलोंच्या आतबाहेरची बंदूक इथे बरी; साडेतीन किलोंची बंदूक दुपारनंतर हातांना जाणवू लागते.

दुसरा निकष नळीच्या व्यासाचा. आपल्याकडेही ‘बारा बोअर’ हा शब्द सर्वांच्या कानावरून गेलेला आहे. त्याचा अर्थ मात्र क्वचितच कोणी विचारतो. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. वीस गोळ्या केल्या तर वीस बोअर, म्हणजे सुमारे १५.६ मिलिमीटर. आकडा वाढला की नळी बारीक होते. वीस बोअरची बंदूक सहसा हलकी असते, म्हणून डोंगरासाठी तिची शिफारस होते. पण खाली झेपावणारा थवा पाहता पाहता तीस-चाळीस यार्डांवर जातो आणि तेवढ्या अंतरावर छर्रे विरळ होऊन चालत नाही.

त्यात शिशाचा प्रश्न आहे. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर वर्ज्य झाले आणि कॅलिफोर्निया राज्याने २०१९ पासून सर्वच प्रकारच्या शिकारीत ते बंद केले. शिसे लागलेला, पण हाती न आलेला पक्षी गरुड खातो आणि ते विष त्याच्याही अंगात भिनते. पोलादी छर्रे वापरायचे तर ते हलके असल्यामुळे त्यांचा वेग लवकर मंदावतो. म्हणून अधिक मोठ्या आकाराचे छर्रे घ्यावे लागतात, आणि मोठे छर्रे सामावण्यासाठी काडतूसही ऐसपैस लागते. या सर्वांचा विचार करता हलक्या बनावटीची बारा बोअर दुनळी हीच निवड आम्हांस सयुक्तिक वाटते. दुनळीत दोन नळ्यांचे ‘चोक’, म्हणजे तोंडाशी नळी किती आवळलेली आहे ते प्रमाण, वेगवेगळे ठेवता येते. चाळीस यार्डांवर तीस इंच व्यासाचे वर्तुळ कल्पिले तर मोकळ्या चोकचे साधारण निम्मे छर्रे त्यात पडतात आणि पूर्ण आवळलेल्या चोकचे सुमारे सत्तर टक्के. पहिला बार जवळचा, दुसरा दूरचा. तेव्हा पहिली नळी मोकळी आणि दुसरी तिच्याहून आवळ असावी हे ओघाने येते.

आता तिसरा आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सरावाचा. उडता पक्षी टिपण्याचा सराव मातीच्या तबकड्यांवर करतात. ‘स्कीट’ या खेळाचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील अँडोव्हर येथे चार्ल्स डेव्हीस आणि त्यांच्या सोबत्यांनी ग्राउझ पक्ष्यांच्या शिकारीची तयारी म्हणून १९२० च्या आगेमागे हा प्रकार सुरू केला. रानात पक्षी कुठूनही उठतो, म्हणून आरंभी नेमबाज पूर्ण वर्तुळाभोवती फिरत. शेजारी कोंबड्यांचा खुराडा आला, तेव्हा वर्तुळाचे अर्धवर्तुळ झाले. १९२६ मध्ये नावासाठी स्पर्धा घेण्यात आली आणि ‘स्कीट’ हे नाव रूढ झाले. १९६८ मध्ये मेक्सिको सिटीत या खेळाने ऑलिंपिकमध्ये प्रवेश केला.

मूळ नियम असा होता की तबकडी दिसेपर्यंत बंदूक खांद्याला लावायची नाही. रानात चालताना ती तशी लावलेली नसतेच. ऑलिंपिकच्या स्कीटमध्ये हा नियम आजही आहे. अमेरिकेतील देशी स्कीटमध्ये मात्र बंदूक आधीच खांद्याला लावून, गाल दस्त्याला टेकवून उभे राहण्याची मुभा पुढे मिळाली. मग गुण वाढवण्यासाठी बंदुका जड झाल्या, कारण जड बंदुकीचा धक्का कमी बसतो आणि ती एकदा वळू लागली की सहज थांबत नाही. डोंगरासाठी निघालेला सराव असा स्वतःच एक खेळ झाला. खेळ म्हणून तो उत्तमच आहे. पण त्यात पंचवीसपैकी पंचवीस तबकड्या फोडणारा माणूस डोंगरावर पहिला थवा उठताच गोंधळून जाऊ शकतो. बंदूक खालून खांद्यापर्यंत आणण्याची एकच क्रिया तिथे निर्णायक असते, आणि नेमकी तीच त्याने गिरवलेली नसते.

म्हणून दोन बंदुका घ्याव्यात, सरावासाठी जड आणि डोंगरासाठी हलकी, असा सल्ला जे देतात त्यांच्याशी आमचा मतभेद आहे. त्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. हलक्या बंदुकीतून शंभर बार उडवले की खांदा दुखावतो, पुढे बार होण्यापूर्वीच अंग आक्रसू लागते आणि एकदा ही खोड लागली की नेम बिघडतोच. पण त्यावरचा उपाय काडतुसात आहे. डोंगरावर पस्तीस ग्रॅम छऱ्यांचे काडतूस लागत असेल, तर सरावाला चोवीस ग्रॅमचे पुरे. ऑलिंपिकचे नेमबाज तेवढेच वापरतात. शंभराऐवजी पंचवीसच बार उडवावेत, पण प्रत्येक वेळी बंदूक खालून वर आणावी. हलकी बंदूक मध्येच थबकते हा तिचा दोष खरा. परंतु ज्या बंदुकीत तो दोष आहे तिच्यावरच तो ओळखायला आणि सावरायला शिकले पाहिजे. दुसऱ्या बंदुकीवर केलेला सराव त्या कामी येत नाही.

छऱ्यांच्या बंदुकीला मागची माशी नसते; नेमबाजाचा डोळाच तिचे काम करतो. म्हणून दस्त्याची लांबी, त्याचा उतार आणि बाजूला दिलेला बाक ही मापे कपड्यांच्या मापांसारखी अंगाबरोबर जुळावी लागतात. दुकानातली जुनी परीक्षा साधी आहे. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी, डोळे मिटावेत, ती सहजपणे खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. नजर नळीच्या मध्यरेषेवरून सरळ जात असेल तर बंदूक आपली. मान वाकवावी लागली, गाल सरकवावा लागला, तर किंमत, नक्षी आणि कंपनीचे नाव यांना काही अर्थ नाही.

इतक्या काटेकोरपणाची गरज काय, असे कोणी विचारील. गरज आहे ती पक्ष्यासाठी. तबकडीच्या खेळात शब्द मोठे बोलके आहेत. तबकडीला ‘मातीचे कबूतर’ म्हणतात, कारण पूर्वी पिंजऱ्यातून जिवंत कबुतरे सोडली जात. अमेरिकेत त्यासाठी प्रवासी कबुतरे वापरली गेली, आणि त्या जातीचा शेवटचा पक्षी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. तबकडीचा टवका उडाला की गुणलेखक ‘मेला’ म्हणतो. हुकली की ‘हरवला’ म्हणतो. मैदानावर हरवलेला ‘पक्षी’ म्हणजे गमावलेला एक गुण. डोंगरावर हरवलेला पक्षी म्हणजे छर्रे अंगात घेऊन खडकांच्या कपारीत शिरलेला, कुत्र्यालाही न सापडलेला, रात्रभर तिथे पडून राहणारा जीव. अंगाला न बसणारी बंदूक, चुकीचा चोक, भलत्या बंदुकीवरचा सराव यांचे मोल तो मोजतो. शिकारीचे समर्थन यातून होत नाही; पण आपल्या चुकीचे मोल दुसरा कोणी मोजणार आहे, हे जाणून केलेली निवड निदान जबाबदार तरी असते.

आपले साहित्याचे वर्ग या बाबतीत कुठे आहेत? रसग्रहण हाही मुळात सरावच होता. पुढे आयुष्यात कुठूनही, कोणत्याही क्षणी समोर येणाऱ्या कवितेसाठी वाचकाने तयार असावे, यासाठी केलेला. तो परीक्षेचा खेळ झाला तेव्हा त्याचेही अर्धवर्तुळ झाले. प्रश्न ठराविक दिशांनी येऊ लागले आणि प्रतिमा, प्रतीक, मिथक, संरचना अशी जड आयुधे आपण विद्यार्थ्यांच्या हाती दिली. कविता दिसण्याआधीच त्यांची बंदूक खांद्याला लागलेली असते. ‘चकोर’ हा शब्द आला की ‘कविसंकेत’ असा बार होतो, गुण मिळतो आणि पक्षी हरवतो. इथे कोणी जायबंदी होत नाही, असे आपण समजतो. पण शाळा-महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर पुन्हा कधी कवितेच्या वाटेला न जाणारी मुले आपण पाहतच असतो.

आयुधे टाकून द्या, असे आमचे म्हणणे नाही. आयुध थोडे आणि हलके असावे, वाचणाऱ्याच्या अंगाला बसणारे असावे आणि ज्या वाचनासाठी ते घेतले त्याच वाचनात ते गिरवावे, एवढेच म्हणणे आहे. ज्ञानेश्वरीची ती ओवी शिकवताना शिक्षकांनी दहा मिनिटे पक्ष्याला द्यावीत. तो कुठे राहतो, किती वजनाचा असतो, चाहूल लागताच डोंगर चढून कसा पळतो, हे सांगावे. चांदण्याचे कण टिपणारी पिल्ले ज्ञानदेवांनी का निवडली, गरुड का निवडला नाही, हे त्यानंतर मुलांना विचारावे. ‘कविसंकेत’ हा शब्द फळ्यावर लिहायचाच असेल, तर मुलांची उत्तरे ऐकून झाल्यावर लिहावा.