हात आपला, मैदान कोणाचे?

सोयाबीन निघाले की मंगरूळपीर तालुक्यात मैदाने आपोआप तयार होतात. रिकामे वावर, रोवलेल्या तीन काड्या आणि टेनिसचा चेंडू. १४ एप्रिल जवळ आला की जयंती मंडळे स्पर्धा भरवतात. एखादा पुढारी रोख बक्षीस जाहीर करतो, फोटो काढतो आणि निघून जातो. या स्पर्धांत दरवर्षी एकदोन पोरे अशी असतात की त्यांचा चेंडू फलंदाजाला दिसतच नाही. टाळ्या पडतात, चषक मिळतो. पुढच्या वर्षी चौकशी करावी तर कळते की पोरगा चाकणला कंपनीत लागला, नाहीतर पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतो आहे. त्यात वाईट काही नाही, घर चालले पाहिजे. पण त्या हाताचे काय झाले, असे कोणीच विचारत नाही.

अमेरिकेत असा हात सहसा नजरेतून सुटत नाही. तेथील बेसबॉलमध्ये आपल्या गोलंदाजासारखा चेंडू टाकणारा असतो, त्याला पिचर म्हणतात. कॉलेजच्या संघात एखादा पोरगा चांगला टाकू लागला की व्यावसायिक संघांची माणसे वेग मोजण्याचे यंत्र घेऊन त्याच्या कॉलेजच्या मैदानावर येतात. दरवर्षी ३० संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्याच्या २० फेऱ्या होतात. निवडलेला पोरगा लगेच वरच्या लीगमध्ये जात नाही. खालच्या लीगच्या पायऱ्या चढाव्या लागतात आणि बहुतेक जण मध्येच गळतात. पण पायऱ्या आहेत. त्या कोठून सुरू होतात हे सर्वांना ठाऊक आहे आणि त्यांतली एक मोठी पायरी कॉलेजात आहे.

तेथेही सारे आलबेल आहे असे कोणी समजू नये. सॅचेल पेज हा कृष्णवर्णीय पिचर १९२० च्या दशकापासून काळ्यांच्या वेगळ्या लीगमध्ये खेळत होता. जॅकी रॉबिन्सनने १९४७ मध्ये वरच्या लीगचे दार उघडले तेव्हा पेजने चाळिशी गाठली होती. १९४८ मध्ये क्लीव्हलँडच्या संघाने त्याला घेतले त्या वेळी त्याचे वय ४२ होते. उमेदीची वीस वर्षे वर्णभेदाने गिळली.

आपल्याकडे हा अनुभव त्याच्याही आधीचा आहे. चांभार समाजात १८७६ साली जन्मलेले पालवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी लाटत, जाळी लावत आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकत. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. राबवून घेण्यासाठी टाकायला लावलेल्या त्या चेंडूंनीच त्यांना आपल्या काळातला मोठा फिरकी गोलंदाज बनवले. गोऱ्यांना हरवायचे म्हणून हिंदूंच्या संघाला बाळू हवे झाले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सवर्णांना चालत होता, पण चहाची वेळ झाली की बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. कप्तानपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. आपल्या लोकांना बाळू आठवतात ते बहुधा १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसकडून उभे राहून पडलेले उमेदवार म्हणून. तो राजकीय हिशेब तिथेच चुकता झाला. गोलंदाज बाळूंना आपण त्या एका निवडणुकीखाली गाडू नये.

हे सारे जुने झाले, आता जात कोण विचारतो, असे म्हणणारे भेटतात. आज पोराला विचारतात ते, तू कोणत्या क्लबचा? विदर्भाचा उमेश यादव घ्या. नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीतील कामगाराचा हा मुलगा. कॉलेजच्या संघात जागा मागायला गेला तर क्लबकडून खेळलेला नाही म्हणून त्याला परत पाठवले गेले. कातडी चेंडू त्याच्या हाती नीट आला तो वयाच्या विशीत. २००८ मध्ये रणजी, २०११ मध्ये कसोटी, पुढे १७० कसोटी बळी. उमेश पोहोचला तो कॉलेजला वळसा घालून, आणि नागपूर त्याच्या हाकेच्या अंतरावर होते म्हणून. मंगरूळपीरपासून नागपूर दोनशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग गेला खरा, पण त्यावर चढायला गाडी लागते. आमच्या पोराला कातडी चेंडूचा खर्चच झेपत नाही, क्लब तो कुठून आणणार?

म्हणून त्याच्यासाठी कॉलेज हाच क्लब असला पाहिजे. हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. २००५ पासून राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, ते अनुसूचित जातीच्या जागांतही लागू होते. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते; जयंतीच्या चषकावर ते मिळत नाही. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात, पण कॉलेजने संघच पाठवला नाही तर पोरगा खेळणार कुठे? मग भरतीत ती जागा ज्याच्याकडे कागद आहे त्याला जाते.

प्रवेश घेताना प्रत्येक विद्यार्थ्याकडून जिमखान्याच्या नावाने पैसे घेतले जातात. ज्यांची फी शिष्यवृत्तीतून भरली जाते त्यांच्याही नावावर ही रक्कम लागते. आपल्या कार्यकर्त्यांनी यंदा जयंतीच्या स्पर्धेबरोबर आणखी एक काम करावे. तालुक्यातील प्रत्येक अनुदानित कॉलेजात माहिती अधिकाराखाली अर्ज टाकावा. गेल्या तीन वर्षांत जिमखाना फी किती जमली? ती कशावर खर्च झाली? विद्यापीठाच्या कोणकोणत्या स्पर्धांना संघ पाठवले, आणि निवड चाचणीची सूचना फलकावर कोणत्या तारखेला लावली? शेवटचा प्रश्न विसरू नये, कारण चाचणी कधी झाली हेच आपल्या पोरांना कळत नाही. अर्जाला १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे लागते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. आले नाही तर पहिले अपील त्याच कॉलेजच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे करायचे असते.