कस्तुरीलाही दवंडी लागते!

मराठी माणसाला धंदा जमत नाही, हा आरोप आता जुना झाला आहे आणि तो पुरता खराही नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात एक फेरफटका मारावा. वीजजोडणीची कामे करणारा, नळ दुरुस्त करणारा, पोळी-भाजी केंद्र चालवणारी गृहिणी, शिवणकाम करणारी भगिनी, शुभकार्याच्या पंगती उठवणारा केटरर, पाण्याच्या टाक्या धुणारा तरुण असे कितीतरी मराठी सेवा व्यावसायिक गल्लोगल्ली भेटतात. त्यांच्या हाताला गुण आहे, कष्टाची तयारी आहे आणि बहुतेकांच्या व्यवहारात सचोटीही आहे. तरीही वर्षातील कित्येक दिवस त्यांचा फोन वाजत नाही. काम येत नसते, असे नाही. त्याच इमारतीतील, त्याच मजल्यावरील काम दुसराच कोणी करून जातो. कारण ग्राहकाला तो दुसरा ठाऊक असतो, हा ठाऊक नसतो.

या परिस्थितीचे खापर स्पर्धेवर, महागाईवर, परप्रांतीयांवर किंवा सरकारी धोरणावर फोडणे सोपे आहे. खरे कारण घरातलेच आहे. आपल्या सेवेची माहिती लोकांपर्यंत पोहोचवणे, म्हणजेच विपणन, हे हलके काम आहे, अशी एक समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. ‘चांगले काम केले की ग्राहक आपोआप येतो’, ‘कस्तुरीला का कधी दवंडी पिटावी लागते?’ अशी वाक्ये अभिमानाने उच्चारली जातात. हा अभिमान नसून आळसाला नेसवलेले सोवळे आहे, हे एकदा स्पष्टपणे सांगण्याची वेळ आली आहे.

वारा बदलला

कस्तुरीचा सुगंध वाऱ्याबरोबर पसरतो, हे खरे. पूर्वीच्या गावात, वाड्यात, चाळीत असा वारा वाहत होता. एकाच्या घरी उत्तम काम झाले की संध्याकाळपर्यंत ते सगळ्या आळीला कळत असे. सुतार, शिंपी, आचारी यांना स्वतःविषयी काही बोलावे लागत नव्हते, कारण त्यांच्या वतीने अख्खी आळी बोलत होती. म्हणजे त्या काळीही विपणन होतेच. फक्त ते समाज करत होता आणि त्याचा मोबदला मागत नव्हता.

आज तो वाडा राहिलेला नाही. अठराव्या मजल्यावरच्या बंद दारामागे राहणाऱ्या कुटुंबाला शेजारच्या दारामागे कोण राहते, हेदेखील पुष्कळदा ठाऊक नसते. नोकरीनिमित्त नुकतेच पुण्यात, ठाण्यात किंवा नाशकात येऊन राहिलेल्या दांपत्याच्या स्वयंपाकघरातील नळ रात्री नऊ वाजता गळू लागला, तर ते कोणाला विचारणार? ते हातातील फोनला विचारतात. त्या फोनमध्ये ज्याचे नाव, ज्याचा पत्ता, ज्याच्या कामाची छायाचित्रे आणि ज्याच्याविषयी चार ग्राहकांनी लिहिलेले बरे-वाईट अभिप्राय दिसतात, तोच त्यांच्या दृष्टीने अस्तित्वात असतो. वीस वर्षे इमानेइतबारे काम करणारा कारागीर दोन गल्ल्यांपलीकडे बसलेला असेलही. पण आड आहे आणि पोहऱ्यात नाही, अशी त्याची अवस्था असते.

सेवेच्या बाबतीत हा प्रश्न वस्तूपेक्षा बिकट आहे. साडी हातात घेऊन पाहता येते, आंबा नाकाला लावून पाहता येतो. नळदुरुस्ती, केशरचना, सहल किंवा जेवणावळ आधी पाहता येत नाही. ग्राहक पैसे मोजतो, ते प्रत्यक्षात विश्वासावर. शिवाय सेवा साठवून ठेवता येत नाही. न खपलेला साबण उद्या विकता येतो, पण कारागिराचा आजचा रिकामा गेलेला दिवस उद्या विकता येत नाही. म्हणूनच १९८१ मध्ये बूम्स आणि बिटनर या अभ्यासकांनी उत्पादन, किंमत, वितरण आणि प्रसिद्धी या विपणनाच्या चार रूढ अंगांना सेवाक्षेत्रासाठी आणखी तीन अंगांची जोड दिली. सेवा देणारी माणसे, सेवेची पद्धत आणि ग्राहकाला डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणा, ही ती तीन अंगे. स्वच्छ कपडे, वेळेवर वाजलेली घंटा, हातात दिलेली छापील पावती, काम झाल्यावर पुसून घेतलेली फरशी हा सगळा विपणनाचाच भाग आहे, हे या शास्त्राने मान्य केले आहे. आपल्याकडे मात्र विपणन म्हणजे भोंगा लावून ओरडणे, एवढाच अर्थ घेतला जातो.

वारसा कोणाचा सांगायचा?

जाहिरात करणे मराठी स्वभावाला मानवत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास वाचावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला सुमारे दोन वर्षे लागल्याचे सांगितले जाते. नांगर उत्तम होता, पण तो आपोआप बोलला नाही. लोकांच्या मनातील भीती काढावी लागली, नांगराचा उपयोग पटवून द्यावा लागला. पुढे १९२० मध्ये शं. वा. किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, ते मुळात कारखान्याची खबर ग्राहकांपर्यंत नेण्यासाठी. त्याच रोपट्याचा ‘किर्लोस्कर’ मासिकाच्या रूपाने वृक्ष झाला आणि महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांचे वैचारिक भरणपोषण त्याने केले. विपणनाने माणूस हलका होतो म्हणतात. येथे तर विपणनाच्या पोटी एक वाङ्मयीन परंपरा जन्मली.

तो झाला उत्पादनाचा दाखला. सेवेचा दाखला हवा असेल तर केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या ‘केसरी टूर्स’कडे पाहावे. सहल ही तर निव्वळ विश्वासावर विकली जाणारी सेवा. मराठी वृत्तपत्रांतील जाहिरातींतून सहलीची तारीख, दर आणि कार्यक्रम घरोघरी पोहोचले, महिलांसाठी स्वतंत्र सहली निघाल्या आणि कधी एकटीने प्रवास न केलेली गृहिणी परदेशी जाऊन आली. वीणा पाटील यांनी २०१३ मध्ये ‘वीणा वर्ल्ड’ सुरू केली, तेव्हाही वृत्तपत्रांतील सातत्यपूर्ण लेखनातून वाचकाशी जोडलेले नाते त्यांच्या पाठीशी होते. मराठी ग्राहकाच्या मनातील शंका मराठीतच ओळखून तिचे उत्तर आधीच देणे, यालाच विपणन म्हणतात.

याउलट ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी आपण कौतुकाची गोष्ट मानली. तिच्यावर विनोद केले, तिला संस्कृतीचा दर्जा दिला. शाखा नसणे हा दोष नव्हे. परंतु ग्राहकाला जिथल्या तिथे थांबवण्यात धन्यता मानणारी वृत्ती धंद्याला पोषक नाही, हे त्या हशात कोणी ऐकले नाही.

खर्च होतो, पण कशावर?

‘जाहिरातीला पैसे कोठून आणायचे?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. पैसे खर्च होतच असतात. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत हाच व्यावसायिक दरवर्षी पाव पानाची जाहिरात देतो. तिच्यात काय असते? ‘हार्दिक शुभेच्छा’ आणि त्याखाली नाव! तो कोणते काम करतो, कोणत्या भागात करतो, किती वाजेपर्यंत भेटतो, यातील एक अक्षरही तेथे नसते. स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकावर शुभेच्छुक म्हणून स्वतःचे छायाचित्र छापण्यासाठीही तो पैसे मोजतो. फलकावर त्याचा चेहरा झळकतो, व्यवसाय झळकत नाही. उत्सवाला देणगी अवश्य द्यावी. पण छापल्या जाणाऱ्या जागेचा उपयोग तरी करावा. पुढाऱ्याच्या दीर्घायुष्याची चिंता वाहणाऱ्याने आपल्या धंद्याच्या आयुष्याचीही थोडी काळजी घ्यायला नको काय?

शिवाय लहान सेवा व्यवसायाचे बरेचसे विपणन पैशांनी होतच नाही. ते शिस्तीने होते. पाणी शुद्ध करणारी यंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका तंत्रज्ञाचा हिशेब मांडून पाहावा. समजा, त्याने एका वहीत ३०० घरांची नावे, फोन आणि मागील दुरुस्तीची तारीख लिहून ठेवली. प्रत्येक घरी वर्षातून दोनदा देखभाल लागते, असे धरले तर ६०० कामे होतात. वर्षाचे ३०० कामाचे दिवस मानले तर रोजची दोन कामे एका वहीतून येतात. नवा ग्राहक शोधण्याची गरज नंतरची. त्यासाठी लागतो फक्त वेळेवर केलेला एक फोन. वातानुकूलन यंत्रवाल्याने फेब्रुवारीत, टाकी धुणाऱ्याने पावसाळ्याच्या तोंडावर आणि उकडीचे मोदक करून देणाऱ्या भगिनीने चतुर्थीच्या महिनाभर आधी आपल्या जुन्या ग्राहकांची आठवण काढली पाहिजे. हे न करता ‘ग्राहक टिकत नाही’ म्हणून कपाळाला हात लावण्यात काय अर्थ आहे?

न सांगण्याची किंमत

येथे प्रश्न केवळ चार कामे जास्त मिळण्याचा नाही. कारागीर स्वतः बोलत नाही, तेव्हा त्याच्या वतीने दुसरा कोणी बोलू लागतो आणि त्या बोलण्याची किंमत वसूल करतो. गुरुग्राममध्ये २०१४ साली ‘अर्बनक्लॅप’ नावाने सुरू झालेली आणि २०२० पासून ‘अर्बन कंपनी’ म्हणून ओळखली जाणारी कंपनी सप्टेंबर २०२५ मध्ये शेअर बाजारात दाखल झाली. तिने ग्राहकाची खरी गरज ओळखली, दर आधी सांगितले, वेळ ठरवून दिली, माणसांना प्रशिक्षण दिले. याबद्दल तिला दोष देता येणार नाही. परंतु ग्राहकाच्या फोनमधील जागा ज्याच्या ताब्यात, अटीही त्याच्याच, हा बाजाराचा नियम आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये याच कंपनीमार्फत सौंदर्यसेवा देणाऱ्या महिलांनी गुरुग्राममधील कार्यालयासमोर कमिशन आणि कामाच्या अटींविरुद्ध आंदोलन केले. त्या महिलांच्या हातांत कसब होते, पण ग्राहक त्यांचा नव्हता. ज्याचा ग्राहक स्वतःचा नाही, त्याचा धंदाही स्वतःचा राहत नाही. उरते ती केवळ मजुरी.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. कौतुक म्हणजे विपणन नव्हे. मुंबईच्या डबेवाल्यांएवढे कौतुक क्वचितच कोणत्या सेवेच्या वाट्याला आले असेल. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या सेवेला २००३ मध्ये ब्रिटनचे तत्कालीन युवराज चार्ल्स भेटून गेले. व्यवस्थापनाच्या वर्गांतून तिचे धडे दिले गेले. परंतु २०२० च्या टाळेबंदीत लोकल थांबली, कार्यालये ओस पडली आणि पुढे घरून काम करण्याची पद्धत रुळली, तेव्हा डब्यांची आणि डबेवाल्यांची संख्या झपाट्याने घटली. यात त्या कष्टाळू माणसांचा दोष तिळमात्र नाही. पण टाळ्यांनी डबा भरत नाही, हे जगाने पाहिले. ग्राहकाचे जगणे बदलते, तेव्हा त्याच्याकडे पुन्हा जाऊन, त्याची नवी गरज विचारून नवा धागा बांधावा लागतो. हे काम जुन्या कीर्तीवर सोपवता येत नाही.

सचोटीनेच बोलावे

विपणन म्हणजे खोटे बोलणे, हा शेवटचा आणि सर्वांत सोवळा आक्षेप. खोटी जाहिरात हा अपराधच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुनःपुन्हा तोच गुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण खोटे बोलणे वाईट आहे म्हणून खरेही बोलू नये, हे कोणते तर्कशास्त्र? खरे सांगणारा गप्प बसला की बाजारात फक्त खोटे सांगणाऱ्याचा आवाज उरतो. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही खपत नाही, ही म्हण आपण माती विकणाऱ्याला हिणवण्यासाठी वापरतो. तिचा खरा रोख सोने घेऊन मुकाट बसणाऱ्याकडे आहे. त्याच्या मौनामुळे ग्राहकाच्या पदरी माती पडते, हा दोष कोणाच्या माथी मारायचा?

अर्थात, कामच कच्चे असेल तर विपणन त्याची अब्रू अधिक वेगाने घालवते. दहा वाजता येतो म्हणून सांगून चारला उगवणाऱ्याने फलक लावण्यापूर्वी घड्याळ लावावे. शब्द पाळणे ही सेवा व्यवसायाची पहिली जाहिरात आहे. दुसऱ्या बाजूने समाजानेही आपले जुने कर्तव्य आठवावे. चांगले काम करणाऱ्याचे नाव सोसायटीच्या फलकावर लावणे, चार ओळींचा प्रामाणिक अभिप्राय लिहिणे, त्याचा फोन क्रमांक दहा जणांना देणे, यासाठी दमडीही पडत नाही. वाड्याने जे केले, ते इमारतीलाही करता येईल.

२००६ च्या कायद्याने सेवा व्यवसायाला सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या व्याख्येत मानाचे स्थान दिले. सरकारने ज्याला उद्योग म्हटले, त्याने स्वतःला ‘छोटे-मोठे काम करणारा’ म्हणवून घेणे आता थांबवावे. दारावर स्वच्छ अक्षरांत पाटी असावी, दरपत्रक असावे, ग्राहकांची वही असावी आणि ‘मी हे काम उत्तम करतो’ हे ताठ मानेने सांगण्याची वाणी असावी. कसब पूर्वजांनी दिले आहे, बाजार दाराशी उभा आहे. आता तोंड उघडण्याचे तेवढे बाकी आहे, आणि ते काम दुसऱ्या कोणावर सोपवले, तर त्याची दलाली पुढच्या पिढीलाही मोजावी लागेल.