पडदा शाबूत असता

प्लाझ्मा दूरचित्रवाणी संचाविषयी आमच्याकडे एक समज दृढ झाला आहे: तो एकदा बंद पडला म्हणजे त्याचे आयुष्य संपले, आणि भंगारवाल्याला बोलावण्याखेरीज गृहस्थाला दुसरा मार्ग उरत नाही. छत्रपती संभाजीनगरातील उस्मानपुऱ्यात आमच्या घरचा बेचाळीस इंची संच गेल्या उन्हाळ्यात बंद पडला, तेव्हा आलेल्या तंत्रज्ञानेही मागचे झाकण न उघडताच ‘पॅनल गेलं’ असा निकाल दिला. ज्याची कैफियतही कोणी ऐकून घेतली नाही, त्याच्याविरुद्ध असा अखेरचा हुकूम व्हावा, हे मनाला पटेना. आणि पुढे जे पाहिले त्यावरून माझे मत असे झाले आहे की, भंगारात जाणाऱ्या कित्येक प्लाझ्मा संचांचा पडदा शाबूत असतो.

हा पडदा म्हणजे तरी काय? दोन काचांच्या मध्ये लक्षावधी सूक्ष्म कोष्ठके, त्यांत निऑन व झेनॉन या वायूंचे मिश्रण, विजेच्या विसर्गाने त्या वायूतून निघणारे अतिनील किरण, आणि त्या किरणांच्या स्पर्शाने उजळणारे लाल, हिरवे व निळे लेप. इलिनॉय विद्यापीठात १९६४ साली डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी त्याचा पहिला नमुना सिद्ध केला. त्यामागील हेतू करमणुकीचा नव्हता. ‘प्लेटो’ नावाच्या संगणकीय अध्यापनव्यवस्थेत विद्यार्थ्यांपुढे अक्षरे आणि आकृत्या स्थिर राहाव्यात, हा होता. ज्ञानदानासाठी जन्मलेली ही वस्तू पुढे तीन दशकांनी भिंतीवरचा रंगीत संच होऊन घरोघर आली, आणि काळा रंग खरोखर काळा दिसतो ही जी तिची ख्याती होती, ती रात्रीच्या अंधारात जुने कृष्णधवल चित्रपट पाहणाऱ्या माझ्यासारख्यांना अजून मोलाची वाटते. परंतु वीज अधिक खाणारा हा संच स्वस्त होत गेलेल्या एलसीडीपुढे टिकला नाही; पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस, तर सॅमसंग व एलजी यांनी २०१४ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले. नवा पडदा आता कोठे तयार होत नाही, म्हणूनच शाबूत पडदा मोडीत घालणे मला गैर वाटते.

बहुसंख्य संच बिघडतात ते पडद्यामागच्या फलकांत. तांबडा दिवा लागतो, आत रिले टक्‌कन वाजतो, क्षणभराने पुन्हा टक्‌कन वाजून सारे शांत होते, याचा अर्थ एवढाच की कोठेतरी दोष आढळल्यावरून संचाला वीज पुरवणाऱ्या सप्लाय बोर्डाने स्वतःच वीज तोडली आहे. तो दोष पुष्कळदा कंडेन्सरचा असतो. वैशाखात बेचाळीस अंशांवर जाणारी आमची मराठवाड्यातील हवा, त्यात संचाची स्वतःची तीनशे वॅटच्या घरातील ऊब, यांनी आतील द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो आणि अखेरीस कंडेन्सरचे सपाट डोके फुगून वर येते. हा फुगवटा नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. दहा-वीस रुपयांचा नवा कंडेन्सर, तितक्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्टेज तेवढे किंवा अधिक असलेला आणि एकशे पाच अंशांचा, ऋण बाजूची पट्टी नीट जुळवून डाख देऊन बसवला, की कित्येक संच पुन्हा बोलू लागतात, आमचाही लागला. कंडेन्सरचा दोष नसेल, तर पडदा चालवणाऱ्या सस्टेन बोर्डांकडे जाणाऱ्या तारा काढून सप्लाय एकटा टिकतो का ते पुष्कळ संचांत पाहता येते. टिकला, तर शोध सस्टेनमध्ये करावयाचा. पडद्यावर आडवा काळा पट्टा असेल तर संशय प्रथम आडव्या ओळी चालवणाऱ्या बफर बोर्डावर घ्यावा. उभी रेघ मात्र बहुधा काचेच्या कडेला चिकटवलेल्या पट्ट्यांमधली असते, आणि तिच्यावर घरी इलाज नाही, हे मान्य करून थांबावे.

हे काम एकट्याने, घाईने करण्याचे नव्हे. सप्लायमधील मोठ्या कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्टच्या आसपास भार साठलेला असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तसाच राहतो. शेजारी राहणारे एक निवृत्त कारागीर, ज्यांची उभी हयात पैठण रस्त्यावरील चितेगावच्या व्हिडिओकॉन कारखान्यात टीव्ही जोडण्यात गेली, त्यांनी मला पाना उचलू देण्यापूर्वीच दटावले, “सर, आधी मीटर लावा. शून्य दिसल्याशिवाय आत बोट घालायचं नाही.” स्क्रूड्रायव्हरने भार उडवण्याची जी रीत काही जण दाखवतात, ती त्यांना मुळीच मान्य नाही, रेझिस्टर लावून तो हळूहळू उतरवावा आणि मग पुन्हा मोजावा, हाच त्यांचा शिरस्ता. पडद्याच्या पाठीवरील चिठ्ठीही त्यांनीच मला वाचावयास लावली. सस्टेनचे दोनशेच्या आसपास, ॲड्रेसचे साठच्या आसपास असे जे व्होल्टेजचे आकडे तीवर असतात, ते एकाच मॉडेलच्या दोन पडद्यांचेही सारखे असतील असे नाही. म्हणून दुसऱ्या संचातील सप्लाय बसवला तर तो या चिठ्ठीबरहुकूम जुळवून घ्यावा लागतो.

अशी माणसे या शहरात पुष्कळ आहेत. चितेगावचा तो कारखाना चालवणारा व्हिडिओकॉन उद्योगसमूह २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायप्रक्रियेत गेला. पण ज्या हातांनी देशभरच्या दिवाणखान्यांत टीव्ही पोहोचवले, त्या हातांतील विद्या कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाही, आणि तिचे जतन करण्याची तजवीजही कोणी केलेली मला दिसत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात संकेतस्थळही सुरू केले, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तथापि उत्पादनच थांबलेल्या संचाचे सुटे भाग कोणती कंपनी किती काळ पुरवील? शिवाय जुन्या प्लाझ्माच्या काचलेपात शिसे असते. भंगारात गेलेला असा संच उघड्यावर फोडला गेला तर त्याचे मोल साऱ्या वस्तीला द्यावे लागेल.

उस्मानपुऱ्यातच शासकीय तंत्रनिकेतन आहे. तेथील प्राचार्यांना माझी विनंती अशी आहे की, या निवृत्त कारागिरांना महिन्यातून एक शनिवार विद्यार्थ्यांसमोर बोलवावे, परिसरातील बंद संच तेथे मागवावेत, आणि सर्व्हिस मॅन्युअल, फलकांची आरेखने व निकामी संचांतून काढलेले चालू बोर्ड ठेवण्यासाठी एक कपाट राखावे. आमच्या संचातून काढलेले फुगलेले कंडेन्सर आणि त्या पाठीवरच्या चिठ्ठीची नक्कल मी त्या कपाटासाठी देण्यास तयार आहे. माझ्या त्या शेजारी कारागिरांनीही येण्याचे कबूल केले आहे.